ग्रीस घातलेला चक आणि एक पापुद्रा

चावी पाव फेरासुद्धा फिरत नव्हती. लाकूड कातायच्या लेथचा चार जबड्यांचा स्क्रोल चक (लाकूड धरून फिरवणारी पकड; आतली सर्पिल आट्यांची चकती, म्हणजे स्क्रोल, चारही जबडे एकदम सरकवते) दुरुस्तीला आला, सोबत तक्रार: "ग्रीस भरपूर घातलंय, तरी जाम." तरी कसलं, त्यामुळेच जाम! सँडिंगची पिठासारखी धूळ ग्रीसमध्ये मळली जाते आणि स्क्रोलच्या आट्यांत ठासून बसते. अशा वेळी चावीला पाइप लावून जोर केला की पिनियनचे, म्हणजे चावीनं फिरणाऱ्या छोट्या चाकाचे, दात जातात.

वरचे जबडे धरून ठेवणाऱ्या ॲलन स्क्रूची षटकोनी भोकंही भुशानं बुजली होती. सुईनं तळापर्यंत कोरून मगच ॲलन की घातली. ती अर्धवट बसली तर भोकाचे कोपरे गोल होतात आणि स्क्रू ड्रिल करून काढावा लागतो. मग अख्खा चक दोन तास मिनरल टर्पेंटाइनमध्ये बुडवला. चावी थोडी पुढे, थोडी मागे करत राहिलो, तेव्हा कुठे खालचे सरकते जबडे सुटून बाहेर आले. बांबूची चपटी काडी स्क्रोलच्या खाचेतून फिरवली, तर मळ गोल वळलेल्या काळ्या दोरीसारखा सलग निघाला. राहिलेला नायलॉनच्या ब्रशनं काढला. काँप्रेसरची हवा मारली नाही. तिनं धूळ दात्यांत आणखी आत जाते, आणि डोळ्यांत उडते ती वेगळीच.

सगळं कोरडं करून स्क्रोलवर टेफ्लॉनचा कोरडा स्प्रे मारला. पिनियनच्या दांड्याला पातळ तेलाचा एकच थेंब.

जबड्यांवर १ ते ४ आकडे कोरलेले असतात, ते ज्यात सरकतात त्या खाचांवरही. स्क्रोलच्या आट्याचं टोक १ नंबरच्या खाचेत दिसेपर्यंत चावी फिरवायची, किंचित मागे घ्यायची, जबडा १ आत दाबून धरायचा आणि टोक त्याला पकडेपर्यंत पुढे फिरवायचं. मग २, ३, ४, त्याच क्रमानं. प्रत्येक जबडा ओढून बघायचा. माझा ३ नंबर निसटला होता. बंद करताना तो बाकीच्यांच्या एक आटा मागे राहिला आणि चौघं मध्यावर भेटेनात. पुन्हा पहिल्यापासून.

इतकं करून चक लेथवर चढवला, जबड्यांत सरळ गोल सळई धरली आणि ती फिरताना किती डगमगते ते मोजणारा डायल लावला. चकाच्या मागच्या फेसपासून १५० मिमीवर ०.६ मिमीचा फरक! जबडे तर स्वच्छ. चक पुन्हा उतरवला, तेव्हा स्पिंडलच्या (चक ज्यावर चढतो त्या फिरत्या दांड्याच्या) खांद्यावर, जिथे चक टेकतो तिथे, कडेला लाकडाचा कागदाइतका पातळ पापुद्रा चिकटलेला दिसला. हिशेब सोपा आहे: ५० मिमी व्यासाच्या खांद्याच्या एका कडेला ०.१ मिमी अडकलं, तर १५० मिमी पुढे मध्य ०.३ मिमी सरकतो. एका फेरीत तो दोन्ही बाजूंना जातो, म्हणून डायल त्याच्या दुप्पट दाखवतो.

नखानं पापुद्रा काढला, स्पिंडलचे आटे आणि खांदा ब्रशनं साफ केले, चकाच्या आतले आटेही. पुन्हा चढवला. डायलचा काटा जेमतेम हलला.