तुम्ही विचारलंत म्हणून: सुपरहिरो आवडत नसतील, तर कुठलं कॉमिक वाचायचं?

‘मारामारीचा कंटाळा येतो, तरी चालेल असं एखादं सुपरहिरो कॉमिक आहे का?’ हा प्रश्न सारखा येतो. माझं उत्तर ठरलेलं आहे: ‘ॲस्ट्रो सिटी’. लेखक कर्ट ब्यूसिक, चित्रं ब्रेंट अँडरसनची, मुखपृष्ठं ॲलेक्स रॉसची. पहिला अंक 1995 सालचा. या शहरात सुपरहिरो पावसापाण्यासारखे आहेत. ते असतातच, आणि लोक त्यातून वाट काढत कामाला जातात.

पण नुसतं नाव सांगून भागत नाही, कारण बरेच जण चुकीच्या खंडापासून सुरू करतात आणि सोडून देतात. ‘द डार्क एज’ हा तो खंड. 16 अंकांची लांबलचक कथा, दोन भावांच्या सुडाची. जुन्या अमेरिकन कॉमिक्सची सवय नसेल तर निम्मे संदर्भ डोक्यावरून जातात. तो शेवटी ठेवा. नाही वाचलात तरी फार बिघडत नाही.

सुरुवात ‘द निअरनेस ऑफ यू’पासून करा. 1996 मधली ही सुटी गोष्ट आता ‘कन्फेशन’ या खंडात मिळते. एका साध्या माणसाला रोज एकच बाई स्वप्नात दिसते. तिच्या सवयी, तिचा वास, सगळं त्याला ठाऊक, पण ती आयुष्यात कधी भेटलेलीच नाही. कुठल्यातरी महायुद्धात सुपरहिरोंनी काळ मोडला आणि पुन्हा जोडला; त्या जोडकामात ही बाई जन्मालाच यायची राहून गेली. जग वाचलं, याची बायको गेली. युद्ध थोडक्यात उरकलंय, बाकी सगळी जागा त्याच्या झोपमोडीला. शेवट सांगत नाही.

मग पहिल्या खंडाचे सहा अंक, क्रमाने. पहिल्यात समॅरिटन हा सगळ्यात ताकदवान हिरो दिवसभर जगभर धावपळ करतो आणि उडण्यात गेलेला वेळ मोजत राहतो. दिवसाअखेर बेरीज 56 सेकंद, आणि मार्चपासूनचा हा सगळ्यात चांगला दिवस! कशासाठी मोजतो? तर उडणं ही एकच गोष्ट त्याला स्वतःसाठी हवी असते, आणि वेग इतका की ती सुरू होताच संपते. ओव्हरटाइम करणाऱ्याला हे वेगळं समजावावं लागत नाही.

दुसऱ्या अंकात एका नवख्या बातमीदाराला भुयारी रेल्वेत प्रचंड लढाई दिसते. संपादक म्हणतो, सिद्ध करता येईल तेवढंच छाप. एकेक वाक्य गळत जातं आणि उरते रुळांवर सापडलेल्या शार्कची चिमुकली बातमी. माझ्या मते या खंडातला हा सर्वांत नेटका अंक.

चौथ्यातली मार्टा शॅडो हिल या भुताखेतांच्या वस्तीत राहते. पूर्व युरोपातून आलेली ही माणसं दारांना ताईत-तोडगे बांधतात, लिंबू-मिरची आठवेलच. तिला शहराच्या मध्यभागी, ऑफिसजवळ घर घ्यायचंय. पण तिथल्या संकटावर कुठला तोडगा चालतो, हे तिला कोण सांगणार?

पुढे व्हर्टिगो या प्रकाशनाने 2013 पासून काढलेल्या ‘ॲस्ट्रो सिटी’च्या मालिकेत अंक 2 आणि 3 जरूर वाचा. हिरोंच्या मदत-केंद्रात फोन घेणारी एक मुलगी, आणि तिने ‘घरगुती भांडण’ समजून दुसरीकडे वळवलेला एक फोन. कॉल सेंटरमध्ये काम केलेल्यांनी जरा सावकाश वाचावा.

छापील हवं असेल तर इमेज या प्रकाशनाने 2022 पासून ‘मेट्रोबुक’ नावाचे जाडजूड खंड काढलेत, पहिल्यापासून घ्या. मोबाइलवर वाचणार असाल तर एकेक चौकट मोठी करून दाखवणारी सोय बंद ठेवा. चौकटीत हिरो मोठा दिसतो खरा, पण अँडरसन फुटपाथवर थबकलेली माणसं मागे काढतो, आणि ती पूर्ण पानावरच दिसतात.