पागोळ्यांखालची बाळे

आईच्या लोखंडी कपाटात, जुन्या शालूच्या घडीखाली, एका पितळी डबीत चांदीच्या वाळ्यांचा जोड आहे. ते वाळे माझ्या थोरल्या भावाचे आहेत. तो १९६३ साली, माझ्या जन्माच्या तीन वर्षे आधी, सात महिन्यांचा होऊन गेला आणि बडोद्यात विश्वामित्री नदीच्या काठी त्याला पुरले. वाळे आजीने काढून घेतले. मनगटातले काळे मणी मात्र आईने काढू दिले नाहीत. ही गोष्ट मला पन्नाशीनंतर कळली, आणि तेव्हापासून आरंभीच्या मध्ययुगातील लहान मुलांच्या कबरींविषयी जे हाती लागेल ते मी वाचत आलो आहे.

या विषयावरचे बहुतेक लेखन युरोपातील आहे आणि त्यात राजघराण्यांतील मुलांची चर्चा अधिक असते. कलोनच्या कॅथेड्रलखाली १९५९ साली सहाव्या शतकातील एका मुलाची कबर मिळाली. सुमारे सहा वर्षांच्या त्या मुलाजवळ लाकडी पलंग आणि खुर्ची होती, आणि तलवार, भाला, कुऱ्हाड, ढाल, धनुष्यबाण अशी त्याच्या हाताला पेलणार नाहीत इतकी शस्त्रे होती. शिरस्त्राण मात्र त्याच्याच डोक्याच्या मापाचे होते. पुरातत्त्वज्ञ अशा शस्त्रांचा अर्थ घराण्याचा मान आणि पुढे मिळायचा वारसा असा लावतात, आणि तो बरोबरच असावा. इंग्लंडच्या अँग्लो-सॅक्सन दफनभूमींतही हाच क्रम दिसतो, कारण तेथे मुलाच्या वयाबरोबर भाल्याच्या पात्याची लांबी वाढत जाते. तरीही त्या लहान शिरस्त्राणापाशी मी थबकतो. ते घडवताना कोणीतरी त्या डोक्याचे माप घेतले असणार.

फ्रँकफर्टच्या कॅथेड्रलखाली १९९२ साली उघडकीस आलेली कबर याहून विलक्षण आहे. इसवी सन ७०० ते ७३० च्या दरम्यानच्या या एकाच कबरीत दोन मुले आहेत. चार-पाच वर्षांची एक मुलगी सोन्याच्या दागिन्यांनी मढवून, सोन्याच्या क्रुसाने सजवलेल्या वस्त्रासह पुरलेली आहे. तिच्याजवळ तिच्याच वयाच्या दुसऱ्या मुलाच्या जळलेल्या अस्थी आहेत आणि त्यांत अस्वलाची हाडेही मिसळलेली आहेत. एकीला ख्रिस्ती रीतीने मूठमाती मिळाली, दुसऱ्याला उत्तरेकडील जुन्या रीतीने अग्नी मिळाला, आणि तरीही दोघांना एकत्र ठेवावे असे त्या घरातील माणसांना वाटले. ही दोन मुले एकमेकांची कोण होती, यावर पुष्कळ तर्क झाले आहेत. मला त्या एकत्र ठेवण्यातच सगळे आले असे वाटते.

सामान्य घरांतील मुलांबरोबर इतके काही नसते. काचेचे चार मणी, एखादा छोटा चाकू, भोक पाडलेले जुने रोमन नाणे, बीव्हर नावाच्या प्राण्याचा दात, आणि काही ठिकाणी कवडी. सातव्या शतकातील इंग्लंडच्या मातीत बायकांच्या आणि मुलांच्या कबरींत तांबड्या समुद्रातील कवड्या मिळतात, हे मी प्रथम वाचले तेव्हा मला आपल्याकडील दृष्टमणी, वाघनखे आणि बाळाच्या गळ्यातील ताईत आठवले. या वस्तू मान दाखवण्यासाठी घातलेल्या नसतात. त्या बाळ जिवंत असताना नजर लागू नये म्हणून बांधलेल्या असतात, आणि बाळ गेल्यावर त्या सोडवण्याचे धैर्य होत नाही. फिलिप आरिएस या फ्रेंच इतिहासकाराने १९६० साली असे मांडले की मध्ययुगीन समाजाला बालपणाची स्वतंत्र जाणीवच नव्हती. मला हे मत कधीच पटले नाही आणि या कबरींमुळे ते अधिकच अपुरे वाटते.

अगदी तान्ही बाळे या दफनभूमींत अपेक्षेपेक्षा फार कमी मिळतात. कोवळी हाडे मातीत विरतात, खड्डे उथळ असतात, आणि कित्येकदा त्यांची जागाच वेगळी असते. नॉर्दम्प्टनशायरमधील राउंड्स येथे दहाव्या शतकातील एका लहान चर्चच्या भिंतींना लागून, थेट वळचणीखाली, तान्ह्या बाळांच्या कबरी दाटीने सापडल्या. चर्चच्या छपरावरून उतरणारे पाणी पवित्र होऊन पागोळ्यांतून बाळांवर पडत राहावे, असा अभ्यासक त्याचा अर्थ लावतात. त्या कबरींत सोने नाही. बाळांना मिळाली ती केवळ जागा.

त्याच शतकांत आपल्याकडे काय चालले होते? नवव्या शतकाच्या सुमारास मेधातिथीने ज्या मनुस्मृतीवर भाष्य लिहिले, तिच्या पाचव्या अध्यायात दोन वर्षांच्या आतील मुलासाठी सलग दोन श्लोक आहेत. पहिल्यात आप्तांनी त्याला ‘अलंकृत्य’, म्हणजे सजवून, गावाबाहेर शुद्ध भूमीत ठेवावे असे सांगितले आहे. दुसऱ्यात त्याला अग्नी देऊ नये, पाणी देऊ नये, अरण्यात ‘काष्ठवत्’ म्हणजे लाकडासारखे सोडून तीन दिवस सुतक पाळावे असे आहे. लाकडाला कोणी सजवत नाही. या दोन शब्दांमधील अंतर कोणत्याही टीकेने भरून निघेल असे मला वाटत नाही. फुले, चंदन, नवे कापड यांतले काहीच मातीत उरत नाही, म्हणून आपल्या बाळांची नोंद खोदकामात सापडणे अवघड आहे. नदीपलीकडे अकोट्याला, म्हणजे जुन्या अंकोट्टकात, १९५१ साली त्या काळातील जैन कांस्यमूर्ती मिळाल्या. कमाटीबागेतील संग्रहालयात गेलो की त्यांतील मांडीवर मूल घेतलेल्या अंबिकेसमोर मी बराच वेळ उभा राहतो. त्या गावातील मुलांचे आपल्यापाशी उरले आहे ते एवढेच.

मागच्या श्रावणात मी राउंड्सच्या वळचणीची हकीकत आईला वाचून दाखवली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “त्या दिवशीही पाऊस होता रे. ह्यांनी मीठ घातलं, वर दगड रचले आणि कोल्ह्याकुत्र्यांनी उकरू नये म्हणून बाभळीच्या फांद्या दाबून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत फांद्या जागेवर आहेत का, ते पाहून आले. तिसऱ्या दिवशीही गेले. मला सांगितलं नाही, पण चपलांना नदीचा चिखल होता.”