सातवा फुगा

वैशाखातली दुपार. अमळनेरात सखाराम महाराजांची यात्रा भरलेली, पण पारा ४५ च्या आसपास. ऊन कलल्याशिवाय बोरी नदीच्या पात्रात कोण उतरणार? मी कूलरच्या आशेने सलूनमध्ये शिरलो. गिऱ्हाईक एक नाही. कोपऱ्यात मालकांचा भाचा यात्रेतला फुगा मांडीत धरून बसलेला. फुग्याला फेस फासलेला आणि हा श्वास रोखून वस्तऱ्याने त्याची दाढी करतोय.

"सकाळपासून सातवा," मालक म्हणाले. तेवढ्यात सातवाही गेला. फेस माझ्या चष्म्यावर.

रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, म्हणून आपण पिढ्यान् पिढ्या हसत आलो. त्या दुपारी पहिल्यांदा वाटलं, अरे, तो बिचारा हात बसवत असेल! अंगातलं रक्त ओढून काढायची ती तुंबडी, शिकताना काय एकदम माणसाच्याच पाठीला लावायची? भिंत निदान बोंब तरी मारत नाही.

आमच्या गावात भिंतीच्या जागी आम्ही पोरं होतो. केस कापायला यायचे त्या आबांना घरोघरची वर्षाची ज्वारी ठरलेली. मुलाच्या हातात मशीन त्यांनी दिलं ते मुद्दाम मे महिन्यात. केस महिन्याला साधारण १ सेंटीमीटर वाढतात, शाळा उघडायची जूनमध्ये. तोवर बिघडलेलं झाकलं जायचं. आम्ही निंबाखाली रांगेने बसायचो. हाताच्या मशीनचं असं असतं, की दाबणं आणि पुढे सरकवणं जुळलं पाहिजे. हात पुढे पळाला की केस कापला न जाता उपटला जातो. त्याचा हात सारखा पळायचा.

"दुखस का रे?" तो विचारायचा.

हो म्हटलं की आबा त्याच्या पाठीत रट्टा घालत. म्हणून मी डोळ्यांत पाणी आणून नाही म्हणायचो. मैत्री वगैरे काही नव्हती, त्याच्याकडे गोट्या जास्त होत्या.

मग कात्री आली. अंगठा तेवढा हलला पाहिजे, बाकीची बोटं गप्प. म्हशींमागे फिरताना, केळीला पाणी देताना, ओट्यावर बसल्या बसल्या हवेतच कच-कच-कच. रिकामी कात्री वाजवली की घरात भांडणं होतात, म्हणून त्याची आई ओरडायची. भांडणं तशी आधीपासूनच होती त्यांच्या घरात.

वडील गेले तेव्हा बोरीकाठी माझं मुंडण त्यानेच केलं. वस्तरा कधी फिरला कळलंसुद्धा नाही. कानामागे येऊन तो जरा थांबला आणि हळूच म्हणाला, "दुखस का रे?"

मला काही बोलता आलं नाही.

असो. मालकांनी खुर्ची झटकली. "भाऊ, आज भाच्याला करू द्या ना दाढी. फुग्याची कातडी आधीच ताणलेली असते, म्हणून जरा लागलं की फुटतो. गालाचं तसं नाही."

भाच्याने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीवरच्या रबराच्या चिंध्यांकडे पाहिलं.

"पुढच्या महिन्यात बघू," मी म्हणालो, "आज तुम्हीच करा."

भाच्याने पाकिटातून आठवा फुगा काढला.