कुत्रं मागं लागलं की मी उतरते

"मॅडम, कुत्री मागं लागत नाहीत का?"

लागतात की. साताऱ्याहून वाढे फाटा, शिवथर, देऊर, वाठार स्टेशन करत लोणंदच्या बाजूला पहाटे सायकल काढली आणि एकही कुत्रं अंगावर आलं नाही, असं क्वचितच होतं. सायकल घ्यायची म्हणून विचारणाऱ्या बायकांना हीच भीती सगळ्यात जास्त असते. त्यातल्या काहींनी तर घेतलेली सायकल केवळ कुत्र्यांपायी गॅलरीत लावून ठेवली आहे. त्यांच्यासाठी हे जरा सविस्तर लिहिते.

आमच्याकडचा सर्वमान्य सल्ला म्हणजे "जोरात मारा." माझा भाचा हेच सांगतो. तो पंचविशीतला आहे, त्याची सायकल एका बोटानं उचलता येते, आणि सरासरी वेग घसरला की त्याचं तोंड दिवसभर उतरलेलं असतं. त्याला जमतही असेल. पण गावठी कुत्रं थोड्या अंतरापुरतं ताशी तीसच्या पुढं सहज पळतं आणि चढाला मी पंधराच्या आत असते. पन्नाशी उलटलेल्या बाईनं कुत्र्याशी शर्यत लावायची कशाला?

मुळात चावा हा त्यातला छोटा धोका आहे. मोठा धोका पडण्याचा. कुत्रं उजवीकडून धावत आलं की हात आपोआप हँडल डावीकडं ओढतो किंवा आपण पाय झाडतो. एक पाय हवेत, नजर मागं, अशात कुत्रं पुढच्या चाकात आलं की खेळ संपला. त्या वेळेला रस्त्यावर गाड्या कमी असतात, पण ज्या असतात त्यात दुधाचे टेम्पो असतात आणि त्यांना डेअरीची वेळ गाठायची असते. आमच्या ग्रुपमधल्या एका काकांचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा कुत्र्याचा दात त्यांना लागलाही नव्हता.

म्हणून मी थांबते. ब्रेक लावायचा, कुत्रं ज्या बाजूला असेल त्याच्या उलट्या बाजूला उतरायचं, सायकल मध्ये धरायची आणि चालायला लागायचं. नजरेला नजर भिडवायची नाही, पण पाठही फिरवायची नाही. दहातली आठ कुत्री इथंच गोंधळतात. पळणारी, टरटर वाजणारी वस्तू अचानक माणूस होऊन उभी राहते, मग मागं लागायचं कुणाच्या? दोन-चार विजेच्या खांबांपर्यंत भुंकत येतात आणि हद्द संपली की जणू काही झालंच नाही अशी परत फिरतात. उरलेल्या दोघांसाठी जाडाभरडा आवाज असतो. "हाऽऽड! घरी जा!" शाळेत इतकी वर्षं वर्ग सांभाळल्याचा उपयोग तिथं होतो. तेवढ्यानंही भागलं नाही तर बाटली दाबून नाकावर पाण्याची चिळकांडी मारते. आणि वाकून दगड उचलल्याचं नाटक तर आपल्याकडचं प्रत्येक कुत्रं पिल्लू असल्यापासून ओळखतं, हातात खरा दगड असायचीही गरज पडत नाही.

हे नाटक एका ठिकाणी मात्र चुकूनही करू नका.

दिवाळी सरली की फलटण, माण, खटावकडची धनगरं मेंढरं घेऊन बाहेर पडतात. पीक निघालेल्या रानात शेतकरी खतासाठी मेंढरं बसवून घेतात, त्यामुळं रस्त्याच्या कडेला अचानक वाडा, म्हणजे त्यांचा तळ, पडलेला दिसतो. घोडी, कोंबड्या, वाघर म्हणजे जाळी लावून आत कोंडलेली मेंढरं, आणि कुत्री. सालपे घाटाच्या अलीकडं अशाच एका वाड्याजवळ एक तांबूस, रुंद छातीचा कुत्रा आवाज न करता थेट माझ्याकडं निघाला. भुंकणाऱ्यापेक्षा न भुंकणाऱ्याची मला जास्त भीती वाटते. त्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा होता. लांडगा गळा धरतो म्हणून हा पट्टा घालतात. मी उतरले, सायकल मध्ये घेतली आणि जागीच उभी राहिले. तीन दगडांच्या चुलीवर चहा ठेवलेली बाई तिथूनच ओरडली, "उतरलात ते ब्येस केलं, बाई. पळनाऱ्याच्याच मागं जातोय त्यो. मेंढरू पळालं की लांडगा आला आसं वाटतं त्येला." मग जरा थांबून, "दगुड तेवढा उचलू नगा हां."

तिनं एक हाक मारली आणि तो कुत्रा जाऊन चुलीजवळ बसला. मी चहा घेऊनच निघाले.

वस्तीवरच्या दुसऱ्या कुठल्याही कुत्र्याला हद्द राखायची असते, याला कळप राखायचा असतो. दगड उचलणारा माणूस म्हणजे त्याच्या हिशेबी हल्ला करणारा. वाडा दिसला की मी लांबूनच उतरते, मोठ्यानं हाक घालते, "दादा, कुत्रं धरा ओ!" आणि कुणीतरी हात वर करेपर्यंत पुढं जात नाही. दोन मिनिटं जातात, जाऊ देत.

बाकी कुत्र्यांचंही एक वेळापत्रक असतं. भादव्यात ती झुंडीनं फिरतात हे वेगळं सांगायला नको. पण त्यानंतर साधारण दोन महिन्यांनी पिल्लं होतात, हे आपण विसरतो. कार्तिक-मार्गशीर्षात एरवी गरीब असलेली कुत्री मोरीच्या पाइपातून अचानक अंगावर आली, तर आत पिल्लं आहेत असं समजावं आणि रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं जावं. थंडीत ती रात्रभर उबदार डांबरावर किंवा विझलेल्या शेकोटीच्या राखेत झोपतात, त्यामुळं उजाडायच्या आधी दिवा चांगला हवा. चिकनच्या दुकानाची मागची बाजू, पोल्ट्री, ढाब्याचं मागचं अंगण, गावाबाहेरचा कचऱ्याचा ढीग इथं एकटंदुकटं कुत्रं नसतं, टोळी असते. आणि झोपलेल्या कुत्र्याजवळून जाताना पायडल मारणं सोडू नका. पाय थांबले की मागच्या चाकातलं फ्रीव्हील टरटर वाजतं आणि माझा अनुभव असा, की ती त्या आवाजानं उठतात.

उपकरणांबद्दल विचारतात म्हणून सांगते. भाच्यानं माणसाला ऐकू न येणारा आवाज काढणारं यंत्र आणलं होतं. कुत्र्यांनी माना तिरक्या करून ते लक्षपूर्वक ऐकलं आणि मग भुंकली. मिरचीचा फवारा वाऱ्यानं आपल्याच डोळ्यांत येतो. काठी बाळगली तर हँडलला एकच हात उरतो. बिस्किटं टाकणारे दयाळू लोक तर मला अजिबात पटत नाहीत. तुम्ही पार्ले-जी टाकून निघून जाता आणि मग ते कुत्रं येणाऱ्या प्रत्येक सायकलकडं आशेनं धावतं. पायडलला अडकणारे बूट वापरत असाल, तर वस्ती दिसताच एक पाय सोडवून ठेवा. मी साधी पायडलंच वापरते. पायाला सायकल बांधून घ्यायची हौस मला नाही.

आता चावलंच तर. आमच्यातल्या एकाला देऊरच्या पुढं पोटरीला चावलं. दोन दात खोल गेले होते, रक्त येत होतं. शेजारच्या रानात मोटर चालू होती. तिथं त्याला पाइपाखाली बसवलं, वस्तीवरून कपड्याचा साबण मागून आणला आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटं जखम धुतली. पंधरा मिनिटं फार मोठी असतात. पाचव्या मिनिटालाच तो "झालं, झालं" म्हणायला लागला. तेवढ्यात वस्तीवरच्या आजी मायेनं वाटीत तिखट घेऊन आल्या. "आजी, तिखट नको, चुना नको, हळद नको, साबणच बरा," असं मी म्हटल्यावर त्यांना ते फारसं रुचलं नाही. पण रेबीजचा विषाणू साबणानं मरतो आणि तिखटानं फक्त जखम चिघळते. पट्टी आवळून बांधायची नाही, टाके शक्यतो घालायचे नाहीत.

आणि त्याच दिवशी दवाखाना. सरकारी दवाखान्यात लस मोफत असते. कातडीत देतात तेव्हा पहिल्या लसीचा दिवस शून्य धरून ०, ३, ७ आणि २८ अशी येते, दंडाच्या स्नायूत देतात तेव्हा १४ वा दिवसही असतो. पोटात चौदा इंजेक्शनं ही गोष्ट जुनी झाली, तिच्या भीतीनं घरी बसू नका. रक्त आलं असेल तर नुसती लस पुरत नाही, जखमेत आणि जखमेभोवती सीरमही टोचावं लागतं. लस अंगात काम करायला काही दिवस घेते आणि तोवर संरक्षण सीरमचं असतं. ते लहान आरोग्य केंद्रात बहुधा नसतं, म्हणून आम्ही त्याला सरळ साताऱ्याला जिल्हा रुग्णालयात नेलं. कुत्रं दहा दिवस जिवंत राहतं का हे जरूर बघा, पण ते बघत लस लांबवू नका. लक्षणं दिसायला लागल्यावर रेबीजवर इलाज नाही. कानाचा कोपरा कापलेला दिसला तर नसबंदी झालेली असते आणि तेव्हा लसही दिलेली असते, पण ती कधी दिली हे कानावर लिहिलेलं नसतं.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीतली भटकी कुत्री उचलून ठेवा म्हटलं, अकरा दिवसांत ते बदलून पिसाळलेली आणि आक्रमक सोडून बाकीची नसबंदी-लसीकरण करून परत सोडा म्हटलं. त्यावर टीव्हीवर जी हमरीतुमरी झाली ती तुम्ही पाहिली असेल. माझ्या रस्त्यावर निम्म्या कुत्र्यांना चांगला मालक असतो. तो दारात दात घासत उभा असतो आणि म्हणतो, "काही करत नाही हो तो." कुत्रं सांभाळायची जबाबदारी मालकाची आहे आणि निष्काळजीपणासाठी भारतीय न्याय संहितेत २९१ वं कलम आहे. मी कलम सांगत बसत नाही. "दादा, उद्या याच वेळेला येणार आहे, बांधून ठेवा," एवढं सांगते. पुष्कळजण ठेवतात.

थांबायचं हा नियम आग्या मोहोळाच्या माश्यांना मात्र लागू नाही. घाटात माश्या उठल्या तर हात झाडायचे नाहीत, तोंड झाकायचं आणि मिळेल त्या वेगानं दूर जायचं. यवतेश्वरच्या घाटातल्या माकडांना फक्त पिशवीत रस असतो. पुढच्या पिशवीतून केळ्याचं टोक दिसू देऊ नका. संक्रांतीच्या आसपास गावातून जाताना गळ्याला बफ, म्हणजे कापडी पट्टा, गुंडाळते. नायलॉन मांजावर बंदी आहे, मांजा तरीही आहे.

उसाच्या ट्रॅक्टरबद्दल मात्र सांगायलाच हवं, कारण गळीत हंगामात मला कुत्र्यांपेक्षा त्याची धास्ती जास्त. मागं दोन ट्रॉल्या, बाहेर आलेली वाढी, रिफ्लेक्टर असला तर चिखलानं झाकलेला, आणि ड्रायव्हरशेजारी गाणी इतक्या जोरात की घंटी काय, हॉर्नही ऐकू जाणार नाही. वळणावर पहिली ट्रॉली तुम्हाला चुकवून जाते आणि दुसरी आत कापत येते. म्हणून हँडलच्या टोकाला मी आरसा लावला आहे. भाचा त्याला "स्कूटी" म्हणतो, म्हणू दे. आरशात ट्रॅक्टर दिसला की साइडपट्टीवर उतरून उभी राहते. परत डांबरावर चढताना कडेला समांतर राहून चढू नका, चाक कडेला घासून सायकल आडवी होते. थांबा, वळवा, काटकोनात वर घ्या.

एका गोष्टीबद्दल मला कुणी विचारत नाही. मोटरसायकलवर दोन पोरं मागून येतात, वेग माझ्याइतका करतात आणि काहीबाही बोलत बराच वेळ बाजूनं चालतात. एकदा एकानं पाठीवर थाप मारली. तेव्हाही पडण्याचाच धोका मोठा होता. तिथंही मी वेग वाढवत नाही. बसथांब्याची शेड, चहाची टपरी, दूध घालायला उभ्या असलेल्या बायका, जे पहिलं दिसेल तिथं उतरते आणि मोठ्यानं गाडीचा नंबर वाचते. ११२ फोनमध्ये पहिल्याच नंबरला टाकून ठेवला आहे. टपरीवाल्यांशी ओळखी करून ठेवा. चहाचे दहा रुपये त्यासाठी फार नाहीत.

येत्या आठवड्यांत वाडे उतरायला लागतील. सालपे घाटाच्या अलीकडं-पलीकडं कुणाला दिसला तर आपल्या ग्रुपवर टाका, रस्त्याची कुठली बाजू आणि जवळचा किलोमीटरचा दगड कुठला ते लिहून. नुसतं "पुढे कुत्री आहेत" लिहू नका, पुढे कुत्री असतातच.