बांध घालायला पैसे आहेत, बांध राखायला नाहीत

पावसाळा ओसरू लागला की कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बर्गे, म्हणजे खांबांमधल्या गाळ्यांत बसवून पाणी अडवणाऱ्या लोखंडी फळ्या, घालण्याची वेळ येते. ओढ्याचा किंवा नदीचा प्रवाह मंदावत असतानाच हे बर्गे बसवून त्यांच्या फटी नीट बुजवल्या, तर अडलेल्या पाण्यावर रब्बीची दोन-तीन पाणी भागतात. पंधरवडा उशीर झाला, तर अडवायला पाणीच उरत नाही. पुढचा पावसाळा तोंडावर आला की हेच बर्गे काढून सुरक्षित ठेवावे लागतात, गंजलेले बदलावे लागतात, चोरीला गेलेले पुन्हा आणावे लागतात. बंधारा बांधताना जो खर्च होतो, त्याच्या मानाने हा खर्च फारच किरकोळ असतो. तरीही बर्ग्यांवाचून उघडे पडलेले बंधारे महाराष्ट्रात जागोजागी दिसतात, कारण बांधकामासाठी योजना असते आणि बर्ग्यांसाठी नेमके कोणाकडे जायचे, हे गावात कोणालाच ठाऊक नसते.

आपल्या राज्यात मृद व जलसंधारणासाठी आणि त्यानिमित्ताने शेतकऱ्याच्या हाती पोहोचणाऱ्या अनुदानाविषयी बोलताना मला हीच गोष्ट सर्वांत जास्त खुपते. सरकार पैसा देत नाही, असे म्हणणे खरे ठरणार नाही. महाराष्ट्राने या कामावर अर्धशतकाहून अधिक काळ सातत्याने खर्च केलेला आहे. मात्र तो जवळजवळ सगळा उभारणीवर झाला, आणि उभारलेले टिकवण्याची जबाबदारी गृहीत धरून सोडून दिली गेली.

१९७२ च्या दुष्काळात लाखो हातांना काम देताना बांधबंदिस्ती, पाझर तलाव, नाला बांध अशी कामे मोठ्या प्रमाणावर निघाली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले आणि शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर ग्रामीण मजुरांच्या कामाला लागला. इतकी न्याय्य आर्थिक रचना या देशात क्वचितच झाली असेल, असे मला मनापासून वाटते. परंतु त्या कामांचा पहिला हेतू मजुरी देणे हा होता, आणि तो त्या काळाची गरज पाहता योग्यच होता. शेतात बांध पडला तो सरकारी मोजमापाने, सरकारी हजेरीपत्रकावर. ज्याचे शेत, त्याला बांध कोठून न्यायचा आणि सांडवा, म्हणजे जास्तीचे पाणी बाहेर सोडण्याची वाट, कोठे काढायचा, हे फारसे विचारले गेले नाही. त्यामुळे पहिल्या मोठ्या पावसात फुटलेला बांध पुन्हा घालणे हे आपले काम आहे, अशी भावना अनेक ठिकाणी रुजलीच नाही. लोक त्याला ‘सरकारी बांध’ म्हणत राहिले.

पुढे १९८३ मध्ये समग्र पाणलोट क्षेत्र विकास कार्यक्रम आला, १९९२ मध्ये आदर्श गाव योजना आली आणि २०१४ च्या अखेरीस जलयुक्त शिवार अभियान सुरू झाले. जलयुक्त शिवारमध्ये दरवर्षी पाच हजार गावे टंचाईमुक्त करण्याचे उद्दिष्ट होते. नाल्यांचे खोलीकरण व रुंदीकरण यंत्रांनी झपाट्याने झाले, कारण ते मोजता येते आणि त्याची छायाचित्रे लगेच काढता येतात. माथा ते पायथा हे पाणलोटाचे मूळ सूत्र मात्र मागे पडले. डोंगरमाथ्यावर एकाच पातळीत खोदलेले सलग समतल चर, उतारावरचे दगडी बांध, शेतातली हलका उतार देऊन केलेली ढाळीची बांधबंदिस्ती ही संथ, कष्टाची आणि नजरेत न भरणारी कामे आहेत. ती न करता खाली नाला खोल केला, तर वरची माती वाहून येऊन काही पावसाळ्यांतच तो पुन्हा भरतो. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२० मध्ये विधिमंडळात मांडलेल्या अहवालात या अभियानाचा भूजल पातळीवर अपेक्षित परिणाम दिसला नसल्याचे नोंदवले, आणि त्यावरून राजकीय वाद बराच रंगला. त्या वादात देखभालीचा प्रश्न पुन्हा बाजूला राहिला.

वैयक्तिक लाभाच्या योजनांमध्ये शेततळ्याचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आली. तिच्यात खोदकामासाठी कमाल ५०,००० रुपये अनुदान होते आणि पुढे मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेत ते ७५,००० रुपयांपर्यंत वाढवले गेले. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल तळ्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. पावसाने ताण दिल्यावर खरिपाच्या पिकाला एखाद-दुसरे संरक्षित पाणी देता यावे, म्हणजे सोयाबीन, तूर किंवा कापूस हातचा जाऊ नये, हा यामागचा मूळ विचार होता, आणि कोरडवाहू शेतकऱ्यासाठी तो अतिशय मोलाचा आहे. अशा तळ्यात शिवारातून वाहणारे पाणी यावे, त्याआधी ते गाळ खाली बसवणाऱ्या खड्ड्यातून जावे, जास्तीचे पाणी सांडव्यावाटे बाहेर पडावे, अशी त्याची रचना असते.

प्रत्यक्षात अनेक भागांत तळ्याचे काठ जमिनीपासून उंच उचलले गेले, आत प्लॅस्टिकचे अस्तर आले, आणि पावसाचे पाणी आत येण्याची वाटच राहिली नाही. विहिरीतून किंवा कूपनलिकेतून पाणी उपसून ते भरायचे आणि उन्हाळ्यात डाळिंब-द्राक्षाला द्यायचे, असा त्याचा वापर होऊ लागला. ज्याच्याकडे भांडवल आहे त्याने जमिनीखालचे सामाईक पाणी उपसून आपल्या तळ्यात साठवायचे आणि शेजारच्या उथळ विहिरीने मार्चमध्येच तळ गाठायचा, याला संधारण म्हणता येणार नाही. शिवाय नऊशे चौरस मीटरच्या उघड्या पृष्ठभागावरून कडक उन्हाळ्यात दिवसाला आठ मिलिमीटर पाणी उडून जात असेल, तर रोज सात हजार लिटरांहून अधिक पाणी कोणाच्याही उपयोगी न पडता नाहीसे होते. बागा जगवण्यासाठी धडपडणाऱ्या शेतकऱ्याला मी दोष देत नाही, कारण त्याच्यापुढचे कर्ज खरे असते. परंतु जलसंधारणाचा निधी देताना तळे कोणत्या पाण्याने भरणार, हे पाहिलेच पाहिजे.

ठिबक आणि तुषार सिंचनाला केंद्राचे अनुदान अल्प व अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के आहे. राज्याने आपली भर घालून ते अनुक्रमे ८० आणि ७५ टक्क्यांपर्यंत नेले. हे निःसंशय चांगले पाऊल आहे. क्षारयुक्त पाण्याने तोट्या बुजतात, आम्लप्रक्रिया करावी लागते, गाळणी धुवावी लागते, याचे प्रशिक्षण मात्र संच बसवून देणाऱ्याच्या मर्जीवर राहते.

आता अर्जाविषयी. महाडीबीटी या राज्य सरकारच्या ऑनलाइन अर्जाच्या संकेतस्थळामुळे कचेरीत खेटे घालणे कमी झाले, हे मान्य केले पाहिजे. तरी बहुतेक बाबींमध्ये पूर्वसंमती मिळाल्यावर शेतकऱ्याने आधी स्वतःचा पैसा घालायचा, देयके जोडायची, जागेवर येऊन होणारी मोका तपासणी होऊ द्यायची आणि मग अनुदानाची वाट पाहायची, असा क्रम आहे. राज्यातले सरासरी धारणक्षेत्र २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार दीड हेक्टरही भरत नाही. एवढ्या जमिनीवर जगणारे कुटुंब तो आगाऊ पैसा सावकाराकडून किंवा दुकानदाराच्या उधारीवर उभा करते, आणि अनुदान लांबले तर त्याचा मोठा हिस्सा व्याजातच जातो. सामाईक सातबारा असेल तर भावाभावांची संमतिपत्रे गोळा करण्यात हंगाम निघून जातो. बटईने कसणारा आणि सातबाऱ्यावर नाव नसलेली स्त्री तर या रचनेच्या बाहेरच राहतात.

टिकवण्यासाठी पैसे देण्याचा मार्ग आपल्या राज्याला अपरिचित आहे, असेही नाही. भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के अशा हप्त्यांनी मिळते, आणि ठरावीक प्रमाणात झाडे जिवंत असल्याशिवाय पुढचा हप्ता मिळत नाही. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत जुन्या तलावांतला गाळ शेतात नेणाऱ्या लहान शेतकऱ्याला एकरी १५,००० आणि जास्तीत जास्त ३७,५०० रुपये मिळू शकतात. जुनी साठवण परत मिळवण्यावर आणि हलक्या जमिनीची ताकद वाढवण्यावर एकाच वेळी होणारा हा खर्च मला फार शहाणपणाचा वाटतो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने तर पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडला, सिंचनासाठी कूपनलिका बंद ठेवल्या आणि पिके त्याप्रमाणे ठरवली. तिथेही कामे सरकारी योजनांच्याच पैशातून झाली होती. फरक पडला तो काम झाल्यानंतर ग्रामसभेने पाळलेल्या नियमांमुळे.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की प्रत्येक बंधारा, बांधबंदिस्ती आणि शेततळ्याच्या मंजूर रकमेतला काही भाग राखून ठेवावा आणि तो पुढच्या तीन पावसाळ्यांनंतर, सांडवा शाबूत आहे, गाळ काढला आहे, बांधावर गवत टिकले आहे, हे पाहून द्यावा. सामाईक कामाचा हा भाग ग्रामपंचायतीच्या स्वतंत्र खात्यात असावा आणि त्याचा हिशेब ग्रामसभेत वाचला जावा. वैयक्तिक कामाचा भाग थेट शेतकऱ्याला मिळावा, आणि अत्यल्प भूधारकाला पहिला हप्ता कामाच्या आधीच मिळावा. तपासणी मार्चअखेरच्या घाईत न करता ऑक्टोबरमध्ये, शिवारात पाणी असताना व्हावी, कारण बांध कोठे गळतो आणि तळ्यात पाणी कोठून येते, हे त्याच महिन्यात दिसते.