ताडोबा: मोहर्ली, आगरझरी आणि गेटवर भरलेल्या पैशांचा हिशेब

चंद्रपूरहून पद्मापूरमार्गे मोहर्ली साधारण ३० किलोमीटर. पद्मापूरपर्यंत कोळशाच्या खाणी आणि टिप्परची धूळ, त्यापुढे सागवान आणि बांबू. बेत साधा होता: मोहर्लीत मुक्काम, सकाळची फेरी गाभ्यात, म्हणजे व्याघ्र प्रकल्पाच्या मधल्या जंगलात, दुपारची आगरझरी बफरमध्ये, म्हणजे त्याभोवतीच्या पट्ट्यात. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी हाच क्रम ठेवावा.

आधी गेट ठरवा, मग हॉटेल. मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, पांगडी आणि झरी ही गाभ्याची प्रवेशद्वारे जंगलाच्या वेगवेगळ्या बाजूंना आहेत. स्वस्त पडते म्हणून कोलाऱ्याला खोली घेतली आणि परवाना मोहर्लीचा निघाला, तर पहाटे बाहेरून वळसा घालण्यात दोनेक तास जातात. तोवर गेट उघडून गाड्या आत गेलेल्या असतात. नागपूरहून येणाऱ्यांना चिमूरमार्गे कोलारा किंवा नवेगाव सोयीचे, रेल्वेने चंद्रपूरला उतरणाऱ्यांना मोहर्ली. मंगळवारी उद्यान बंद असते. गाभा १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद, काही बफर गेट मात्र पावसाळ्यातही चालू राहतात.

आरक्षण वन विभागाच्याच संकेतस्थळावर करा. त्याच्यासारखी दिसणारी खासगी संकेतस्थळे बरीच आहेत. पैसे भरण्यापूर्वी पत्ता सरकारी आहे ना, हे पाहा. परवान्यावर लिहिलेले मूळ ओळखपत्रच सोबत हवे. गेटवर सर्वाधिक खोळंबा होतो तो इथेच: आरक्षण एका ओळखपत्रावर, हातात दुसरेच, किंवा नुसती झेरॉक्स. खर्चाचे तीन भाग असतात: प्रवेशशुल्क, जिप्सीचे (सफारीच्या उघड्या गाडीचे) भाडे आणि गाइडचे शुल्क. ऑनलाइन काय भरले आणि गेटवर काय द्यायचे राहिले, ते परवान्यावर वाचून घ्या. मोठ्या लेन्सना वेगळे शुल्क आहे. जिप्सीत सहा पर्यटक बसतात. गाभ्यात मोबाइल नेता येत नाही, त्यामुळे कॅमेरा नसेल तर फोटो विसरा. दुर्बीण मात्र जरूर घ्या.

आता पैशांचे. सरकारी शुल्क एरवी तिजोरीत जमा होते आणि अंदाजपत्रकातून त्यातले किती, कधी परत येईल याचा भरवसा नसतो. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००६ साली दुरुस्ती झाली आणि व्याघ्र प्रकल्पांना स्वतःचे प्रतिष्ठान स्थापण्याची सोय मिळाली. ताडोब्याच्या प्रवेशाचे उत्पन्न या प्रतिष्ठानाकडे जाते आणि तिथल्याच कामांना लागते. फेरीत नजर ठेवली तर ही कामे दिसतात. पाणवठ्याशेजारचे सौर पंप, रस्त्याकडेच्या जाळरेषा (वणवा पसरू नये म्हणून गवत काढून मोकळे केलेले पट्टे), वनरक्षकांच्या मुक्कामाची संरक्षण कुटी. जाळरेषांचे काम फेब्रुवारीच्या मध्यापूर्वी उरकावे लागते, कारण तिथून पुढे वणव्याचा हंगाम. निधी उशिरा आला तर गवत वाळून तयार आणि रेषा अर्धवट, अशी गत होते. जागेवर पैसा असण्याचे महत्त्व इथे कळते.

या व्यवस्थेची दुबळी बाजूही आहे. २०२० च्या टाळेबंदीत पर्यटन थांबले आणि त्यासोबत गेटची कमाईही. गस्त मात्र थांबवून चालत नाही. शिवाय वाघ सहज दिसतो तिथेच गेट कमावते. कोयना-चांदोलीच्या सह्याद्री प्रकल्पाबाहेर अशी रांग लागत नाही, तिथे केंद्र-राज्याच्या निधीवरच भिस्त. म्हणून ‘पर्यटनातून संवर्धन’ हे सूत्र सगळीकडे चालते असे समजू नये.

दुपारची आगरझरी फेरी अनेक जण नाइलाजाने घेतात, गाभ्याचे आरक्षण मिळाले नाही म्हणून. आमच्या मते ती मुद्दाम घ्यावी. गाभा सुमारे ६२५ चौरस किलोमीटर, बफर सुमारे ११००. वाघाला ही हद्द कळत नाही आणि बफरमध्ये गावे, शेते, गुरे आहेत. मार्च-एप्रिलमध्ये माणसे पहाटे मोहफुले वेचायला वाकलेली असतात, मेमध्ये तेंदूपाने. हल्ले होतात ते अशा वेळी. त्यामुळे बफरच्या गेटवरचा पैसा ग्राम परिस्थितिकीय विकास समितीपर्यंत पोहोचणे, गाइड आणि चालक त्याच गावचे असणे, याला फार किंमत आहे. मुक्कामही शक्यतो गावकऱ्यांच्या होमस्टेत करा.

वाघ दिसला की चालकाला ‘अजून पुढे घे’ म्हणू नका. प्राण्यापासून किमान २० मीटर आणि दोन गाड्यांत ५० मीटर अंतर ठेवण्याचा नियम आहे; तो मोडला तर कारवाई गाइड-चालकावर होते आणि त्यांची रोजी बुडते. बक्षिशी वाघ दिसण्यावर ठरवली की हीच घाई वाढते. ती आधीच ठरवा, आणि सुटे पैसे चंद्रपुरातूनच घेऊन निघा. हिवाळ्यात उघड्या जिप्सीत कानटोपी आणि जाड जाकीट लागते. मेमध्ये पारा ४५ अंशांवर जातो. माणशी दोन लिटर पाणी पुन्हा भरता येणाऱ्या बाटलीत घ्या आणि तोंडाला ओला रुमाल बांधा.