फाटी फोडून मग रसाळगडाचं तळं

मेच्या पहिल्या आठवड्यात खेडजवळ आजोळी गेले, ती थेट पावसाळ्याच्या बेगमीत सापडले. आजीचा बंब आणि मागची चूल अजून फाट्यांवरच, म्हणजे जळणाच्या लाकडांवरच चालते. मृगाआधी सगळी फाटी सुकून खोपीत पडायला हवीत. गेल्या पावसात आडवा झालेला ऐनाचा वृक्ष मामाने तोडून ठेवला होता, फोडायचं काम माझ्याकडे आलं.

पहिला तासभर कुऱ्हाड नुसती रुतून बसत होती. मामा म्हणाला, "बाय, आधी तोंड बघ. चीर गेलीय तिथंच घाल, गाठीच्या वाटेला जाऊ नको." ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर मधून कडेपर्यंत बारीक भेगा असतात. त्या रेषेत, कडेला घाव बसला की ऐन खटकन दुभंगतो आणि मगरीच्या पाठीसारखी साल दोन्हीकडे उघडते. तो आवाज ऐकायला मी दिवसभर फोडत राहिले असते. गाठाळ तुकडे बंबाला ठेवायचे, ते सावकाश जळतात.

पायात बूट हवेतच. रचताना खाली दगड घालून फाटी जमिनीपासून उचला. आणि जुन्या ढिगात हात घालण्याआधी काठीने ठोका. आमच्याकडे फुरसं आणि विंचू तिथंच बसलेले असतात. उभ्या झाडाला हात लावायचा नाही, हे आजीने दोनदा बजावलं. बरोबरच आहे तिचं.

तिसऱ्या दिवशी पहाटे मामेभावाबरोबर रसाळगड. रसाळवाडीपर्यंत गाडी जाते, पुढची चढण अर्ध्या-पाऊण तासाची. दरवाज्यापाशी मारुती, वर झोलाईचं देऊळ, इकडेतिकडे पडलेल्या तोफा आणि ते तळं. मेमध्ये पाणी खाली गेलेलं, काठाची माती भेगाळलेली, तरी देवळाच्या सावलीत वारा गार लागत होता. समोर सुमारगड, त्यामागे महिपतगड. तिन्ही गड सलग करायचे तर मुक्काम आणि गावातला वाटाड्या घ्या, सुमारच्या रानात वाट चुकते.

दोन्ही करणार असाल तर गड आधी करा. कुऱ्हाडीने खांदे भरून आले की पाठीवरची पिशवी जड होते. माणशी तीन लिटर पाणी घरूनच न्या. ऊन तापायच्या आधी, नऊच्या आत उतरायला लागा. उतरताना जपून, सुकलेल्या गवतावर पाय सरकतो. एसटीने जाणार असाल तर परतीच्या गाडीची वेळ खेडच्या स्टँडवरच विचारून घ्या, वाडीत गाड्या मोजक्याच येतात.